घरचं शास्त्र

भुसावळ
9 जानेवारी 2025

प्रिय बेटा,

ख्रिस्तात अनेक आशीर्वाद.

बाळाचा फोटो पप्पा दिवसातून दहा वेळा बघतात. त्यांच्या गुडघ्याचे टाके सोमवारी निघतील, म्हणून पंधरा तारखेचं महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट काढलं आहे. डिंकाचे आणि हळिवाचे लाडू झाले. त्यांच्यासोबत घरचं शास्त्रही, म्हणजे आपलं बायबल, आणते आहे. ते आता तुझ्याकडे राहील. त्यातलं काही मला तुला आधी सांगायचं आहे. फोनवर माझ्याच्याने ते बोलवणार नाही, म्हणून लिहिते.

तू लहानपणी ते पाहिलंस ते लाल खणात बांधलेलं, रविवारी दुपारी आजीच्या मांडीवर. हात लावायची तुला परवानगी नव्हती. ते पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेलं भाषांतर आहे. केडगावच्या मुक्ती मिशनच्या, म्हणजे बाईंच्या आश्रमाच्या, छापखान्यात छापलेलं, साल 1924. बाई 1922 च्या एप्रिलमध्येच गेल्या, छापलेला पूर्ण ग्रंथ त्यांना बघायला मिळाला नाही. अक्षरांचे खिळे जुळवणं, छापणं, बांधणं, सगळं तिथल्या मुलींनी केलं. त्या छापखान्यात तुझी पणजीही मोठी झाली.

1900 च्या दुष्काळात गुजरातेतून जी मुलं-मुली मुक्तीत आली, त्यांत ती होती. आपल्याकडे त्याला छप्पन्याचा दुष्काळ म्हणतात. आईबापांची नावं तिला सांगता आली नाहीत, गावाचंही नाही. तिथेच लिहायला शिकली, खिळे जुळवायला शिकली, आणि 1913 मध्ये तुझ्या पणजोबांशी लग्न होऊन खानदेशात आली. ते साक्री-पिंपळनेरकडच्या खेड्यांतून दमणीत बसून प्रचाराला फिरायचे.

हे शास्त्र हाती आल्यावर तिने एक काम केलं. जुना करार मलाखीने संपतो आणि नवा करार मत्तयाने सुरू होतो, त्या दोहोंच्या मध्ये तिने चार कोरी पानं स्वतःच्या हाताने शिवली. उघडशील तेव्हा टाके नीट बघ. दोरा वेगळा आहे, जाड आहे, आणि शंभर वर्षांत एक टाका उसवलेला नाही. त्या पानांवर तिने तीन मथळे घातले: जन्म, लग्न, प्रभूमध्ये निजले.

पहिल्या सात ओळी एकाच शाईतल्या आहेत. वेगवेगळ्या सालांच्या, पण एकाच बैठकीत लिहिलेल्या, कारण तोवर ते सगळं तिने मनातच ठेवलं होतं. अक्षर छापल्यासारखं सुटं, प्रत्येक अक्षर दुसऱ्यापासून जरा लांब. तिची स्वतःची ओळ अशी आहे: "जन्म ठाऊक नाही. दुष्काळात आणली, वय अंदाजे पाच." आणि लग्नाच्या पानावर नवऱ्याच्या नावापुढे आपलं नाव, मग "माहेर – मुक्ती, केडगाव."

मी या घरात 1985 साली आले. सासूबाईंनी पहिल्यांदा मला ते पान दाखवलं तेव्हा मी त्या ओळीवर बोट ठेवून किती तरी वेळ बसले होते. जिला माहेरच नाही, तिने माहेराची जागा मोकळी सोडली नाही.

प्रभूमध्ये निजले या पानावर त्याच शाईत दोन ओळी आहेत. ऑक्टोबर 1918, मुलगा, वय चार. त्याच्या खाली आठ दिवसांनंतरची तारीख, मुलगी, वय दोन. पुढे एकच शब्द, मानमोडी. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीला आपल्याकडे तेव्हा हेच म्हणायचे. त्यानंतर अजून एक ओळ आहे, 1921 ची: "मुलगा. तीन दिवस. नाव ठेवले नव्हते." नाव नाही तरी ओळ आहे. हे लक्षात ठेव, पुढे मी त्यावर येणार आहे.

तुझे आजोबा 1926 चे. पुढे रेल्वेत लागले आणि घर भुसावळला आलं. गावांची नावं वाचशील तेव्हा गोंधळू नकोस. पणजीच्या हातची सगळी गावं "पश्चिम खानदेश" मध्ये आहेत. सासूबाईंनी त्याच बाजूची गावं "धुळे जिल्हा" लिहिली. आणि नवापूरच्या चुलत घरातलं 1999 चं लग्न मी "नंदुरबार जिल्हा" असं लिहिलं, कारण आदल्या वर्षी, 1 जुलै 1998 ला, तो जिल्हा वेगळा झाला होता. नवापूर जागच्या जागी आहे, पण या पानांवर ते तीन जिल्ह्यांत सापडतं.

पणजीनंतर लेखणी सासूबाईंकडे आली. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, शिरोरेषा द्यायच्या नाहीत, त्यामुळे त्यांच्या ओळी दोरीवरून उतरवलेल्या कपड्यांसारख्या वाटतात. पण वेळेच्या फार पक्क्या. तुझ्या पप्पांचा जन्म बघ: "19 नोव्हेंबर 1956, पहाटे, शेडचा भोंगा झाल्यावर." शाळेत मात्र मास्तरांनी 1 जून 1956 घालून टाकली. तेव्हा खेड्यापाड्यांतून आणि शहरातूनही सर्रास हेच चालायचं, जूनमध्ये सहा पूर्ण दाखवले की पोर पहिलीत बसायचं. त्या तारखेमुळे पप्पा सहा महिने आधी निवृत्त झाले. शास्त्र घेऊन ते स्वतः ऑफिसात गेले होते. नोंद खोटी आहे असं कुणी म्हणालं नाही, अर्जाला फार उशीर झाला एवढंच म्हणाले. पप्पा ते खणात गुंडाळून उन्हातून घरी परत आले, आणि मला आजही त्या दिवसाचा राग येतो. आपण त्यांचा वाढदिवस 19 लाच करतो तो म्हणून.

मोठ्या आत्याने 1979 मध्ये आपल्या चर्चच्या मंडळीबाहेर लग्न केलं, तेव्हा आजोबांनी सांगितलं होतं, ते लिहायचं नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दोन वर्षांनी आत्याला मुलगा झाला, तेव्हा त्यांनी लग्न आणि जन्म दोन्ही एकदम लिहून टाकलं, समासात, अगदी बारीक. मला लेखणी देताना त्या म्हणाल्या, "जे झालं ते लिखी ले माय." लिहिणाऱ्याने कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं हे ठरवायचं नसतं, हे मी त्यांच्याकडून शिकले.

आणि शिकूनही मी चुकले. आता ते सांगते.

14 मार्च 2022 ला तू इथे होतीस, बाळंतपणाला. बाळ गेलं, तुला शुद्ध नव्हती, आणि तुला दाखवायचं नाही हे मी ठरवलं. डॉक्टरांनी विचारलं होतं. जावयांना मीच म्हणाले, नको, तिला झेपणार नाही. तुला वाटत आलं असेल की दवाखान्याचाच तसा नियम होता. नियम नव्हता, बेटा. ते मी केलं.

मी तिला बघितलं. पप्पांच्या पांढऱ्या उपरण्यात होती. डोक्यावर दाट जावळ, कानापर्यंत आलेलं, आणि हनुवटीला तुझ्यासारखी खळी. डाव्या हाताची मूठ मिटलेली होती, ती मी उघडली नाही. पप्पांनी आणि जावयांनी कब्रस्तानात आजीच्या शेजारी तिला ठेवलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली.

त्या रात्री मी शास्त्र काढलं आणि लिहिता येईना. आदल्या वर्षी, एप्रिल 2021 मध्ये, मोठे काका कोरोनात गेले तेव्हाही माझा हात चालला नव्हता, ती ओळ पप्पांनी लिहिली. या वेळी मी पेन्सिल घेतली. जन्माच्या पानावर लिहिलं: "मुलगी. 14 मार्च 2022, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी." तुझं आणि जावयांचं नाव. निजले त्या पानावर तीच तारीख. तुला न विचारता शाई लावायची नाही असं मनाशी ठरवलं, आणि मग जवळजवळ तीन वर्षं विचारलंच नाही. तू घरी आलीस की मी शास्त्र कपाटात वर ठेवायचे.

तुम्ही दोघांनी तिला नाव ठेवलं होतं का, हे मला माहीत नाही. ठेवलं असेल तर जागा आहे. नसेल तर पणजीने जसं लिहिलं तसं राहू दे. पेन्सिल खोडायची असेल तर तेही तूच कर, मी शब्द काढणार नाही. पण मला मनापासून वाटतं की ती ओळ शाईत असावी, आणि तुझ्या अक्षरात.

बाळाच्या जन्माच्या दाखल्याचं जावयांना विचार. 21 दिवसांच्या आत नोंद झाली पाहिजे. नाव अजून ठरलं नसेल तर त्यासाठी थांबू नका, वर्षभरात ते विनाशुल्क घालता येतं. 2023 च्या ऑक्टोबरपासून जन्मलेल्या बाळांना शाळेला, आधारला, पासपोर्टला तोच एक दाखला लागतो, तेव्हा स्पेलिंग दोनदा तपासा.

शास्त्राचं म्हणशील तर खणात कडुनिंबाचा वाळलेला पाला असतो, तो दर उन्हाळ्यात बदलायचा, नाहीतर कसर लागते. पानं उघडताना कोपऱ्याने धरू नकोस, इथल्या उन्हाने कडा पापडासारख्या झाल्या आहेत. स्केचपेन वापरू नकोस. तुझा जन्म मी हौसेने स्केचपेनने लिहिला आणि तो पलीकडे फुटून मत्तयाच्या पानावर उतरला. दौत आणि टाक मी घेऊन येते. पेन्सिलीच्या ओळीखाली एक ओळ मोकळी सोडली आहे, ती हिची.

तुझी,
आई