बुडाले कोणाचे?

महोदय,
शेअर बाजार आपटला की दुसऱ्या दिवशी ‘गुंतवणूकदारांचे लाखो कोटी बुडाले’ हा मथळा ठरलेलाच. मी निवृत्त बँक कर्मचारी. अशा सकाळी आमच्या दांडिया बाजार भागातले शेजारी पेपर घेऊनच येतात, ‘काका, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) थांबवू का?’ २००८ च्या जानेवारीत २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ८ हजारांखाली उतरला. २०१० च्या दिवाळीत, ग्रीसच्या कर्जाचा घोळ चालू असतानाच, तो पुन्हा २१ हजारांवर! पैसे न काढता थांबले त्यांचे काय बुडाले? (खुद्द अथेन्सचा निर्देशांक मात्र २००७ ची उंची अजून गाठू शकलेला नाही, म्हणून सगळा पैसा एकाच टोपलीत नकोच.) मथळ्याशेजारी सेन्सेक्सचा दहा वर्षांपूर्वीचा आकडाही छापाल का?

– एक ज्येष्ठ वाचक, वडोदरा