‘ग्रीक’ खांबांना भेगा का जातात?

मा. संपादक,

बेळगावातून खानापूरकडे जा की निपाणीकडे, नव्या मंगल कार्यालयांच्या आणि बंगल्यांच्या दर्शनी भागात हल्ली ‘ग्रीक’ खांब दिसतात. हौसेला मोल नसते, त्यामुळे तक्रार हौसेबद्दल नाही. पण दोन-चार पावसाळे गेले की या खांबांना उभ्या भेगा पडतात, पोपडे सुटतात आणि खापर गवंड्यावर फुटते. चूक बहुधा त्याच्या थापीत नसते. ती आतल्या लोखंडात असते, आणि त्याच्याही आधी मापात.

अथेन्सचे पार्थेनॉन मंदिर इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात उभे राहिले. स्थपती इक्टिनोस आणि कॅलिक्राटीस, शिल्पकामावर देखरेख फिडियासची. त्याचे बाहेरचे खांब डोरिक, म्हणजे जाड आणि साध्या ग्रीक शैलीचे. उंची सुमारे १०.४ मीटर, बुंध्याशी व्यास १.९ मीटर, म्हणजे उंची व्यासाच्या साडेपाच पट. माथ्याशी व्यास १.४८ मीटरवर येतो. आपल्याकडे नऊ इंची कॉलमला बारा फूट उंचीपर्यंत पन्हळी (उभ्या खाचा) चढवतात आणि त्याला डोरिक म्हणतात. हे सोळा पट झाले! बारा फुटी डोरिक खांबाला बुंधा २६ इंच आणि माथा २० इंच हवा. पोर्चमध्ये तेवढी जागा नसेल तर आयोनिक, म्हणजे माथ्यावर गुंडाळ्या असलेल्या दुसऱ्या ग्रीक शैलीचा खांब घ्यावा. तो सडपातळ असतो, उंची व्यासाच्या नऊ पटींपर्यंत चालते, बारा फुटाला १६ इंचांत भागते. मात्र मग पन्हळीही आयोनिकच्याच हव्यात: २४, खोल, दोहोंमध्ये सपाट पट्टी. डोरिकला २० उथळ पन्हळी असतात, त्या धारदार कडेवर एकमेकींना भिडतात आणि खाली तळखडा नसतो. वर आयोनिकच्या गुंडाळ्या, मध्ये डोरिकच्या पन्हळी आणि पायाशी कमळ, असा संसार साच्यावाल्याच्या दुकानातच जुळतो.

खांबाच्या मध्यावरचा फुगीरपणा हा असाच एक घोटाळा. पार्थेनॉनच्या खांबाची कड सरळ रेषेपासून जास्तीत जास्त पावणेदोन सेंटिमीटर बाहेर येते, तीही दहा मीटरच्या उंचीत. बारा फुटी खांबाला त्या हिशेबाने पाव इंच पुरे. दोन-दोन इंच फुगवले की खांब ढोलासारखा दिसतो.

आता लोखंड. ग्रीक खांब सहसा अखंड नसे. पार्थेनॉनच्या खांबात दगडाच्या दहा-बारा चकत्या एकावर एक बसवल्या आहेत. मध्ये चुना नाही, सिमेंटचा तर प्रश्नच नाही. चकतीच्या मध्यात खोबण, तिच्यात लाकडी ठोकळा आणि खुंटी. पन्हळी बहुतांशी खांब उभा राहिल्यावर जागेवरच कोरत, नाहीतर एका चकतीची कड दुसरीशी जुळणार कशी? सिसिलीतल्या सेजेस्टाच्या मंदिराचे काम अर्धवट राहिले, तिथले खांब आजही बिनपन्हळीचे आहेत. भिंतीच्या आणि तुळयांच्या दगडांना मात्र लोखंडी चाप लागत, आणि चाप बसला की त्याभोवती वितळलेले शिसे ओतत. शिशामुळे पाणी लोखंडापर्यंत पोहोचत नाही. १८९८ पासून निकोलाओस बालानोस यांच्या देखरेखीखाली जी डागडुजी झाली, तिच्यात शिसे न ओतताच लोखंड घातले गेले. ते गंजले, गंजून फुगले आणि आतून संगमरवर फोडत गेले. अडीच हजार वर्षे टिकलेला दगड काही दशकांच्या दुरुस्तीने तडकला. १९७५ मध्ये नेमलेल्या समितीच्या कामात ते लोखंड काढून टायटॅनियम घातले जात आहे.

आपल्या खांबांत हेच घडते, फक्त लवकर. जांबोटी-खानापूरकडचा पाऊस कॉलमभोवतीच्या पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिसच्या) कवचाला मानवत नाही. पाणी कवचामागे शिरते, सळई किंवा कवच धरणारी लोखंडी पट्टी गंजते, फुगते आणि भेग नेमकी सळईच्या रेषेत उभी जाते. म्हणून बाहेरच्या खांबाला पीओपी नकोच. कॉलमच्या सळईवर किमान ४० मिलिमीटर काँक्रीटचे कव्हर ठेवावे. एफआरपीचे (तंतूंनी मजबूत केलेल्या प्लास्टिकचे) कवच लावायचे तर पट्ट्या आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, वरचा सांधा सीलंटने बंद करावा आणि पायाशी पाणी निघायला भोके ठेवावीत. ही भोके टाइल्सवाला हमखास बुजवतो.

फाटकाजवळच्या पुतळ्यांचे पाय घोट्याशी मोडतात, त्याचेही कारण जुने आहे. ग्रीक शिल्पकार पॉलिक्लीटसचा ‘भालाधारी’ हा पुतळा मूळ पोकळ कांस्याचा होता. सगळा भार एका पायावर आणि दुसरी टाच उचललेली, हे कांस्याला झेपते. रोमन कारागिरांनी तो संगमरवरात उतरवला तेव्हा पायाशी झाडाचा बुंधा जोडावा लागला. आपले साचेवाले शोभा जाते म्हणून बुंधा काढून टाकतात. शिवाय सगळे पांढरे धोप! मुळात ही शिल्पे रंगवलेली असत. पार्थेनॉनच्या शिल्पांवर निळ्या रंगाचे अंश सापडले आहेत.

शेवटचे, खांबांच्या संख्येबद्दल. अभिजात ग्रीक मंदिराच्या दर्शनी बाजूला खांब सहसा सम असतात, सहा किंवा आठ, म्हणजे दारासमोर मोकळी जागा येते. आपल्या पोर्चना तीन किंवा पाच खांब दिले की मधला थेट उंबऱ्यासमोर उभा राहतो आणि वरातीला त्याला वळसा घालून आत शिरावे लागते.

— शिल्प-स्थापत्याचे काही अभ्यासक, बेळगाव