आईच्या मनगटाबद्दल थोडं

फ्रिमाँट, कॅलिफोर्निया

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, तुमच्या खात्यात पाच लाख जमा झाल्याचा मेसेज आला असेल. चिडू नका, आणि बँकेत जाऊन ते परत पाठवायची चौकशीही करू नका. आईच्या मनगटाच्या हॉस्पिटलसाठी तुम्ही भरलेत तेच परत करते आहे, एवढंच समजा.

फोनवर सांगणार होते. पण फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि आई विषय बदलते, म्हणून लिहिते.

२०२४ च्या सप्टेंबरात तुम्ही इथे होतात आणि तो मुलगा सिग्नलला आपल्या गाडीवर मागून धडकला, तेव्हा मी तुम्हाला म्हटलं होतं, "इथे असंच असतं, कुणाच्या हातात नसतं." ते खरं नव्हतं. माझ्या हातात होतं.

बाबा, तुम्हाला तेव्हा सारखं वाटत होतं की चूक त्याची, मग त्याच्या कंपनीने सगळं का नाही दिलं? आपल्याकडे जखमी माणसासाठी थर्ड पार्टीला वरची मर्यादा नसते. न्यायाधिकरण ठरवेल ते कंपनी देते. इथे तसं नाही. ज्याने जेवढ्याचा विमा घेतला असेल तेवढंच. आणि त्या वेळी कॅलिफोर्नियात कायद्याने किमान विमा होता माणशी १५ हजार डॉलरचा. त्या पोराकडे तेवढाच होता. आईच्या मनगटात प्लेट बसवायचं बिल झालं ४६ हजार. १५ त्याच्या कंपनीने दिले, १९ तुमच्या व्हिजिटर पॉलिसीने, म्हणजे इथे येताना काढलेल्या आरोग्य विम्याने. उरलेले १२ हॉस्पिटलने हातापाया पडल्यावर निम्मे केले, आणि ते निम्मे तुम्ही गच्चीच्या पत्र्यांची एफडी मोडून भरलेत. निखिलची नोकरी गेली होती तेव्हा, नाहीतर मी घेतलेच नसते. तरी घेतले हे खरंच.

त्या पोराकडून वसूल का नाही केलं, असं मामाने विचारलं होतं. त्याच्या नावावर ती चेपलेली गाडी सोडून काही नव्हतं. आणि आई, तू तर हात छातीशी धरून त्यालाच पाणी दे म्हणत होतीस.

अशा वेळेसाठी इथे आपल्याच पॉलिसीत एक भाग घेता येतो. समोरच्याकडे विमाच नसेल, किंवा असून पुरेसा नसेल, तर आपली कंपनी भरते. अनइन्शुअर्ड आणि अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट म्हणतात त्याला. कंपनीला तो देऊ करावाच लागतो, नको असेल तर आपण लेखी नकार द्यावा लागतो. मी २०१९ मध्ये पहिली गाडी घेतली तेव्हा तो नकार सही करून दिला होता. महिन्याला पाच-सहा डॉलर वाचतात म्हणून. बाबा, एसटीच्या तिकिटामागे एक रुपया अपघात सहाय्यता निधीचा घेतात म्हणून भांडणाऱ्या प्रवाशांना तुम्ही जे सुनावायचात, ते मला सुनवा आता.

माझी बाजू एवढीच, की तेव्हा नवीन होते, घरभाडं डोक्यावर होतं, आणि एजंट फोनवर इतक्या भरभर बोलत होता की सगळं नकोच म्हणून सुटले. पण ही बाजू मलाच पटत नाही.

आता माणशी अडीच लाख डॉलरचा घेतला आहे. आपल्या चुकीने दुसऱ्याला लागलं तर त्यासाठीचा आपला विमा जेवढ्याचा, त्याहून हा जास्त मिळत नाही, म्हणून तोही वाढवला. जानेवारी २०२५ पासून किमान मर्यादा ३० हजार झाली आहे, पण ३० हजारांत इथे होतं काय! समोरच्याचे ३० मिळाले, की त्यापुढे २ लाख २० हजारांपर्यंत आमची कंपनी. दोन्ही मिळून अडीच, वेगळे अडीच नाहीत. हे मी तीनदा विचारून घेतलं. आमच्या गाडीत बसलेल्या सगळ्यांना लागू, म्हणजे तुम्हालाही.

तर मे महिन्याची तिकिटं काढली आहेत. आई, "बघू" म्हणू नकोस. खालची खोली तुमची, जिना चढायचा नाही. संडासात दांडा बसवला आहे. ज्वारीचं पीठ इथल्या दुकानात ताजं मिळतं, भाकरी निखिल थापतो, जाड होते पण होते. बाबांचा पेपर टॅबवर मोठ्या अक्षरात. चहाचं आधण सहाला, तुमच्याच वेळेला.

आई, तो हात अजून दुखतो ना? व्हिडिओत डाव्या हाताने कप उचलतेस, दिसतं मला. लहानपणी मी बाबांच्या गाडीत बॉनेटवर बसायचे, खालून इंजिनाची ऊब यायची, आणि ब्रेक लागला की तुझा तोच उजवा हात माझ्यासमोर आडवा यायचा. त्या दिवशीही तू तो ओवीसमोरच आडवा घातला होतास. डॉक्टरांना मी "सीटवर आपटला" एवढंच सांगितलं.

आता ऐका. व्हिजिटर पॉलिसी या वेळी मी काढते आहे, प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कमच देणारी स्वस्तातली नको. बाबा, तुम्ही स्टँडजवळच्या ओळखीच्या माणसाकडून काहीही घेऊ नका. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत. विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे, दोघांनाही. बाबा, छत्तीस वर्षं विनाअपघात गाडी चालवलीत हे मला माहीत आहे, तरी बसायचं. आणि इथे पायी फिरताना सिग्नलनेच रस्ता ओलांडायचा. आमचा विमा पाहुण्यांना गाडीत बसल्यावर नक्की आहे, पायी चालताना तशी खात्री नाही.

पैसे पत्र्यांनाच लावा. पावसाआधी.

तुमची,
छकुली

ता. क. ओवी म्हणते आजीने मागे बसताना मधल्या सीटवर बसायचं नाही, खिडकीशी बसायचं. मध्ये ती बसणार आहे, हात आडवा घालायला.