माळवदातल्या चौघांच्या वतीनं

गुरुजी, नमस्कार.

त्या दिवशी पडलेलं पिल्लू घरट्यात ठेवून चहासुद्धा न घेता गेलात, म्हणून हे आभार चारचौघांत लिहितोय.

1993 च्या भूकंपानंतर आमच्या औसा तालुक्यात माळवदाखाली, म्हणजे मातीच्या जड छपराखाली, निजायला कुणाचा जीव धजेना. आम्हीही पुढं पत्र्याच्या खोल्या काढल्या, मागचा वाडा तसाच राहिला. यंदा तिथून रात्रभर फिस्स-फिस्स यायचं. मायला वाटलं, नाग. निघाली गव्हाणी घुबडाची पिल्लं, आणि नाग परवडला असता असं तिला झालं! त्यातलं सगळ्यात बारकं खाली पडलं. एकीकडं त्याला कापसाच्या वातीनं दूध, दुसरीकडं 'घरटं काढून टाक' म्हणून माझ्यामागं भुणभुण.

तुम्ही आलात आणि आधी दूध बाजूला ठेवायला लावलंत. मग भुईवरचा अंगठ्याएवढा काळा गोळा वाटीत भिजवून बाभळीच्या काट्यानं उकलत बसलात. करडे केस, सुईसारख्या फासळ्या, उंदरांच्या तीन कवट्या, चिचुंद्रीची एक लांबट. "ही विष्ठा नव्हे मावशी, न पचलेलं ओकून टाकतंय ते." माय पदर सावरून पुढं सरकली. कवट्या तिनं दोनदा मोजल्या. सोयाबीनची पोती कोण कुरतडत होतं, ते तिला सांगावं लागलं नाही.

चार पिल्लं चार मापांची का, हेही तिनंच विचारलं. दोन-तीन दिवसांआड एकेक अंडं, आणि मादी पहिल्यापासूनच उबवायला बसते. म्हणून ती जिन्याच्या पायऱ्यांसारखी. चेहरा सुपासारखा आवाज गोळा करतो, एक कान वर एक खाली, त्यामुळं मिट्ट काळोखातही उंदीर नेमका सापडतो. हे मला जन्मात ठाऊक नव्हतं.

"घुबडाला दगड मारला की ते तो झिजवतं, तसा माणूस झिजतो," माय म्हणाली. तुम्ही हसला नाहीत. "मग मारूच नका," एवढंच म्हणालात.

माणसाचा हात लागलेलं पिल्लू आई टाकते, ही तिची भीतीही त्याच रात्री गेली. तुम्ही शिडीवरून ते वर ठेवलंत, अंधार पडल्यावर पांढरी सावली आली. पंखांचा आवाज नाही.

दिवाळीच्या तोंडावर एक जण पिल्लांचा भाव विचारत आला होता. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा सांगायला मी तोंड उघडलं, तोवर मायनं केरसुणी उचलली होती.

बारकं परवा उडालं. माय तिन्हीसांजेला अजून घुबडाचं नाव घेत नाही, 'माळवदातले' म्हणते. चहा राहिलाय, या.