खिडकीचं लॉक एकदा हलवून बघा

संपादक महोदय, स. न.

दिवाळीत गावाला जायचे बेत घरोघरी चालू झालेत म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय. गेल्या वर्षी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तळमजल्यावरचे काका-काकू चार दिवस कोकणात गेले होते, दाराला लॅच, वरून कुलूप, सेफ्टी डोअर, सगळं जिथल्या तिथे, आणि चोर शिरला मागच्या स्लायडिंग खिडकीतून. काच फुटली नव्हती की लॉक तुटलं नव्हतं. त्याने शटर, म्हणजे खिडकीचं सरकणारं काचेचं दार, दोन्ही हातांनी वर उचललं, खालच्या ट्रॅकमधून काढलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. काकूंना आल्या आल्या तेच दिसलं, त्या अजूनही त्या खोलीत एकट्या झोपत नाहीत.

आजीच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात खिडकीला जाडजूड गज होते, उघडी टाकून झोपलं तरी चालायचं. आता स्लायडिंगचं शटर वर उचलूनच बसवतात, त्यासाठी वर फट ठेवलेली असते, आणि तीच फट चोराच्या कामी येते. लॉक म्हणजे एक छोटासा हुक, शटर थोडं वर गेलं की बऱ्याचदा तो आपोआप सुटतो.

माझी मुलगी बोस्टनला जुन्या घरात राहते, तिथे वर-खाली सरकणाऱ्या दोन शटरच्या लाकडी खिडक्या असतात. मधे जिथे दोन्ही शटरच्या आडव्या लाकडी पट्ट्या एकमेकींना भिडतात तिथे फिरवायचं लॉक असतं पण तेवढ्यावर लोक विसंबत नाहीत. आतल्या पट्टीतून आरपार आणि बाहेरच्या पट्टीत अर्ध्यापर्यंत असं जरा खालच्या बाजूला तिरकं भोक पाडून त्यात लोखंडी पिन घालतात, तिरकं अशासाठी की खिडकी खडखडली तरी पिन बाहेर येऊ नये. दुसरं भोक तीन-चार इंचांवर पाडलं की वाऱ्यापुरती खिडकी उघडी ठेवूनही पिन लावता येते. इतकी साधी गोष्ट, पण मला फार पटली.

मी आमच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांना तसंच करून घेतलं, काचेपासून लांब, फक्त फ्रेममध्ये भोक पाडून, आणि वरच्या ट्रॅकमध्ये दोन-दोन स्क्रू बसवले, त्यामुळे शटर आता उचललंच जात नाही. सामान बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत सुटं मिळतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कॅमेऱ्यांवर तासन् तास चर्चा होते, खिडक्यांचं नाव कुणी काढत नाही याचं फार वाईट वाटतं.

एक मात्र कळकळीने सांगतो, पिन आतून हाताने चटकन निघाली पाहिजे. बेडरूमच्या ग्रिलला कुलूप घालून चावी कपाटात ठेवणारी घरं मी बघितलीयत, रात्री आग लागली तर म्हातारी माणसं बाहेर पडणार कुठून? ग्रिलचा एक भाग तरी आतून उघडणारा हवाच.

आज रात्री खिडकी बंद करा, लॉक लावा आणि शटरच्या दोन्ही कडा धरून वर उचलून बघा.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड, पुणे