आवळ्याभोपळ्याची मोट

कोल्हापूर,
२२ मार्च

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उशिराचे कारण माझ्या टेबलावर रचून ठेवलेले आहे. त्याबद्दल पुढे लिहितोच. माझ्या पीएच.डी.च्या विषयाला तू आवळ्याभोपळ्याची मोट म्हटलेस, त्याचा मला राग आला नाही, कारण संशोधन समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनीही जरा सौम्य शब्दांत तेच विचारले होते. विद्यार्थ्यांचे सातत्यपूर्ण मूल्यमापन हा शिक्षणशास्त्राचा प्रांत आणि कल्पित नावांचे भाषांतर हा साहित्याचा, मग दोन्ही एका प्रबंधात कशाला? समितीपुढे मी दिलेले उत्तर गुळमुळीत होते. तुला नीट देतो.

ऑक्सफर्डचे प्राध्यापक टोल्किन घरखर्चाला हातभार म्हणून शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत असत. एका उत्तरपत्रिकेत एक पान कोरे राहिलेले होते आणि कंटाळलेल्या टोल्किननी त्यावर लिहून टाकले की, जमिनीतल्या एका बिळात एक हॉबिट राहत होता. हॉबिट म्हणजे काय, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हते. 'द हॉबिट' हे पुस्तक १९३७ साली आले. पुढे त्यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या मोठ्या कादंबरीच्या डच आणि स्वीडिश भाषांतरांत नावांचे जे झाले ते पाहून ते इतके वैतागले, की कोणते नाव जसेच्या तसे ठेवायचे आणि कोणत्या नावाचा अर्थ भाषांतरित करायचा, याची टिपणेच त्यांनी नंतरच्या भाषांतरकारांसाठी तयार केली. आपण दोघांनी आयुष्यात इतक्या उत्तरपत्रिका तपासल्या, पण कोऱ्या पानावर तिरकी लाल रेघ मारण्यापलीकडे आपली मजल गेली नाही.

आमच्याकडे एम.ए.च्या भाषांतराच्या विषयाला ६० गुणांची लेखी परीक्षा आणि ४० अंतर्गत गुण आहेत. या ४० गुणांसाठी मी या सत्रात अ‍ॅस्टेरिक्सच्या फ्रेंच चित्रकथांतील (रोमन साम्राज्याला दाद न देणाऱ्या एका गॉल, म्हणजे प्राचीन फ्रान्समधील, खेड्याच्या या गोष्टी) काही नावे मराठीत आणायला सांगितली. अट एवढीच, की प्रत्येक खर्डा तारीख घालून एकाच वहीत ठेवायचा आणि खोडलेले पान फाडायचे नाही. वर्गात फ्रेंच कोणालाच येत नसल्यामुळे नावांचे अर्थ मी फळ्यावर लिहून दिले. नायकाचा मित्र ओबेलिक्स याचा कुत्रा इदेफिक्स, म्हणजे डोक्यात पक्की बसलेली एकच कल्पना. गावचा भाट आस्युरांसतुरिक्स, म्हणजे चक्क सर्व जोखमींचा विमा. इंग्रजीत अँथिया बेल आणि डेरेक हॉक्रिज यांनी कुत्र्याचा डॉगमॅटिक्स केला, ज्यात कुत्राही आला आणि दुराग्रहही. भाटाचा विमा मात्र त्यांनी रद्द करून टाकला आणि त्याच्या भयंकर गळ्यावरून त्याला कॅकोफोनिक्स म्हटले.

राहिला प्रश्न शेवटच्या 'इक्स'चा. ही सगळी नावे व्हर्सिंजेटोरिक्स या गॉल सरदाराच्या वळणावर बेतलेली आहेत, ज्याला सीझरने इ.स.पू. ५२ मध्ये शरण आणले. त्या नावातला 'रिक्स' म्हणजे राजा. तो आपल्या 'राजन्'चा भाऊबंद, आणि 'राव' त्याच 'राजन्'पासून आलेला. नाटककार देवलांनी १८९० मध्ये शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचा झुंझारराव केला तेव्हापासून ही वाट मळलेली आहे. एवढी व्युत्पत्ती हाताशी लागल्यावर माझ्यासारखा मास्तर गप्प बसणे शक्यच नव्हते. 'इक्स'च्या जागी 'राव' घ्या, असे मी वर्गाला जवळजवळ बजावलेच.

आता कागलहून रोज एस.टी.ने येणाऱ्या एका मुलीची वही समोर धर. पहिल्या नोंदीत 'इदेफिक्स' जसाच्या तसा. दुसऱ्या नोंदीत 'हट्टीक्स'; त्याखाली मी लिहिले, "हे मराठी नाव की औषधाची गोळी?" तिसऱ्या नोंदीत माझा हुकूम पाळून 'हेकटराव', त्याखाली माझा शेरा, "कुत्र्याला या नावाने हाक मारून बघ." चौथी नोंद धावत्या गाडीत लिहिलेली, अक्षर पार वाकडेतिकडे : 'हेकोजी'. खाली तिने कारण दिले होते. राव दरबारात बसतात, ही मंडळी तर मूठभर असून बलाढ्य सत्तेशी भांडतात, म्हणून यांना तानाजी-येसाजींच्या पंगतीतला 'जी' हवा; शिवाय एकोजी हे नाव आपल्या इतिहासात आहेच, त्याला नुसता 'ह' लावला की हेका तयार होतो. त्याच पानावर भाटाचा 'भसाडोजी' झाला होता. मी ते वर्गात वाचून दाखवले तेव्हा व्युत्पत्ती माझ्या बाजूला होती आणि हशा तिच्या. एका विद्यार्थ्याने मात्र विचारले, की गॉल मावळे झाले तर रोमनांचे काय करायचे? हरकत रास्त आहे आणि मला अजून तिचे उत्तर सुचलेले नाही.

'खालील नावांचे भाषांतर करा' हा प्रश्न लेखी परीक्षेत आला असता, तर या मुलीने तीन तासांत 'हट्टीक्स' लिहिले असते आणि मीही पाचापैकी तीन गुण देऊन पान उलटले असते. तिचे शिकणे झाले ते दुसऱ्या आणि चौथ्या नोंदीच्या दरम्यान, आणि तिथे परीक्षक कधी पोचतच नाही. माझ्या मोटेची गाठ इथे आहे.

तुम्ही शाळेतले लोक २०१० च्या शासन निर्णयापासून आकारिक (शिकत असतानाच्या) आणि संकलित (सत्राच्या शेवटीच्या) मूल्यमापनाच्या नोंदी भरत आला आहात. हा भेद मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मांडला. 'आकारिक' हेसुद्धा घडवलेले नावच, आणि फारसे जमलेले नाही. मला ते ऐकले की घरपट्टीची आकारणी आठवते. पण कल्पना खरी आहे. १९८८ साली रूथ बटलर यांनी इस्रायलमधील शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना केवळ शेरे मिळाले त्यांचे पुढचे काम सुधारले. ज्यांना शेऱ्यांसोबत गुणही मिळाले त्यांना शेऱ्यांचा उपयोग झाला नाही. म्हणून मी सत्रभर वह्यांवर एकही आकडा लिहिला नाही. त्याचा परिणाम असा, की 'सर, पण मार्क किती?' हे वाक्य मी रोज ऐकले आणि दोघे जण तक्रार घेऊन प्राचार्यांकडेही जाऊन आले.

माझी खरी फजिती पुढेच आहे. खर्ड्यांना महत्त्व आहे हे कळताच काही वह्यांत चार खर्डे, चार तारखा आणि शाई मात्र एकच, असा प्रकार दिसू लागला. एका संध्याकाळी बसून चुका तयार केलेल्या! उलट एका मुलाचे पहिलेच नाव इतके चपखल होते, की त्याला दुसऱ्या खर्ड्याची गरजच पडली नाही. तो चुकला नाही म्हणून त्याला कमी गुण द्यायचे काय? कार्यालयाच्या छापील तक्त्यात चाचणी, गृहपाठ, सादरीकरण आणि उपस्थिती असे चार रकाने, प्रत्येकी १० गुणांचे. फसलेल्या प्रयत्नांना रकाना नाही, आणि असता तरी आम्ही तो ९ ने भरला असता, कारण अंतर्गत गुण देताना आपल्या हातून कोणाचे वाईट होऊ नये, हा आमचा अलिखित नियम आहे. मीही दहा वर्षे तोच पाळला.

तक्ता सोमवारी द्यायचा आहे, वह्या टेबलावर आहेत आणि कागलच्या मुलीच्या नावापुढचे चारही रकाने अजून कोरे आहेत. तोवर माझे एक काम कर. तुझ्या सातवीच्या मुलांना हेकटराव, हेकोजी आणि भसाडोजी ही तिन्ही नावे काहीही न समजावता वाचून दाखव आणि कोणत्या नावाला हसली ते कळव. कोणत्याच नावाला हसली नाहीत, तर त्यांच्याकडूनच त्या कुत्र्याला एखादे नाव मागून घे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक