सोलरवाल्याला आगाऊ पैसे देण्याआधी

ती. आई, बाबा,
सा. न.

काल फोनवर बोलणं अर्धवट राहिलं म्हणून लिहून पाठवते. बाबा, तुम्हाला लिहिलेलं वाचून विचार करायला आवडतो, आणि हा निर्णय तसाच सावकाश घ्यायचा आहे. सोलरवाल्याने दिलेलं कोटेशन मी तीनदा वाचलं. ३ किलोवॉटची पॅनेल ठीक आहेत. पण १० युनिट साठवणारी बॅटरी आणि ‘रात्रीचं बिलच येणार नाही’ हे त्याचं बोलणं, यावर सही करू नका.

बिल कमी करायला बॅटरी लागतच नाही. नेट मीटर बसला की दिवसा उरलेली वीज महावितरणच्या तारेत जाते आणि तुमच्या नावे जमा होते. रात्री घेतलेली वीज त्यातून वजा होते, युनिटाला युनिट. एप्रिल-मेमध्ये साठलेले युनिट पावसाळ्यात वापरता येतात. हा हिशेब मार्चअखेर बंद होतो. मे महिन्यातलं ऊन जुलैपर्यंत धरून ठेवील अशी घरगुती बॅटरी कुठेच नाही. उलट बॅटरीत भरून परत काढताना दहा टक्क्यांच्या आसपास वीज वाया जाते. म्हणजे बिलासाठी बॅटरी घेणं हा तोट्याचा व्यवहार.

तरीही मला तुमच्याकडे बॅटरी हवीच आहे. कारण ३ जून २०२०.

निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरवर आलं तेव्हा मी पुण्यात होते, लॉकडाऊन होता, आणि चार दिवस तुमचा आवाज ऐकला नव्हता. आपली रोठ्याची, म्हणजे सुपारीची, झाडं आडवी झाली, नारळ गेले, त्याचं दुःख बाबा अजून करतात. मला मात्र सारखं दिसतं ते आईचं इन्सुलिन. फ्रिज बंद, आणि ती इंजेक्शनं मडक्यात ओल्या फडक्याखाली. न वापरलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. आई, तू ते ‘जमवलं’ म्हणून सांगितलंस. पुन्हा तुला तसं जमवायला लागू नये, एवढ्यासाठी ही बॅटरी.

आणि इथेच कोटेशनमध्ये मोठी चूक आहे. त्याने लिहिलेला इन्व्हर्टर साधा ऑन-ग्रिड आहे. लाइन गेली की तो स्वतःहून बंद होतो. बारा वाजताचं लख्ख ऊन पॅनेलवर पडत असलं तरी घरात दिवा लागत नाही. हा त्याचा दोष नव्हे, तसं असायलाच हवं. वादळानंतर बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली वायरमन पोरं आपल्या दारातल्या खांबावर चढली होती आणि आईने त्यांना चहा दिला होता, आठवतं? लाइन बंद आहे असं समजून माणूस वर चढलेला असताना एखाद्या घरातली वीज उलटी तारेत गेली, तर डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, २३० व्होल्टचे ११,००० व्होल्ट होतात. म्हणून वीज नियामक आयोगाच्या नियमात साफ म्हटलंय की बॅटरी लावायला हरकत नाही, पण लाइन नसताना वीज बाहेर जाणार नाही अशी सोय इन्व्हर्टरमध्ये हवी, आणि तोडणारा स्विच आपोआप चालणारा व हाताने चालणारा, असे दोन्ही हवेत.

त्याने सुचवलेला ‘आपण चेंजओव्हर टाकून जुन्या इन्व्हर्टरवर सोलर चालवू’ हा मार्ग मला अजिबात नको. चेंजओव्हर म्हणजे घर लाइनवर की इन्व्हर्टरवर, ते हाताने बदलायचा स्विच. त्या जुन्या इन्व्हर्टरची वीज दाखवून सोलरला लाइन आल्याचं भासवायचं, असा तो प्रकार आहे. वीज जास्त झाली की ती जाणार कुठे? बॅटरी फुगेल, इन्व्हर्टर जळेल. आणि चेंजओव्हर चुकून दुसऱ्या बाजूला राहिला, तर खांबावरचा माणूस.

हायब्रिड इन्व्हर्टर घ्यायचा. लाइन गेली की तो घराला बाहेरच्या तारेपासून तोडतो आणि आत पॅनेल व बॅटरीवर ठराविक सर्किट चालू ठेवतो. अर्जात आणि आराखड्यात हायब्रिडच लिहायला लावा. आधी साधा दाखवून नंतर बदलायचा म्हटलं तर कागदपत्रं पुन्हा करावी लागतील.

आता बॅटरी किती मोठी? मी तुमची रात्र मोजली. फ्रिज रात्रभरात साधारण अर्धा युनिट. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, ३० वॉटचे, दहा तास: ०.६ युनिट. चार एलईडी दिवे, वायफाय, मोबाइल धरून अजून ०.३. म्हणजे दीड युनिटाच्या आत. ५ युनिटांची बॅटरी सव्वाचार-साडेचार युनिट देईल. सूर्य अजिबात दिसला नाही तरी दोन रात्री आणि मधला दिवस निघेल. भर पावसातही ३ किलोवॉटची पॅनेल थोडंफार भरत राहतात, म्हणूनच पॅनेल कमी करू नका असं मी म्हणते. १० युनिटांची बॅटरी नको. विहिरीवरचा पंप आणि गिझर या सर्किटवर घ्यायचेच नाहीत. पंप सुरू होताना कितीतरी पट करंट ओढतो. त्या एका पंपापायी इन्व्हर्टर दुप्पट घ्यावा लागेल. टाकी सकाळी भरून ठेवा, नेहमीसारखी.

बाबा, पाणी घालायच्या जुन्या ट्यूब्युलर बॅटरीवर तुमचा विश्वास आहे, आणि तो अनुभवाचा आहे. पण १५० एएचच्या एका बॅटरीत नावाला १.८ युनिट असतात, निम्मेच वापरायचे. तेवढ्या कामाला चार-पाच बॅटऱ्या लागतील, आणि दर दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालायला आता तुम्ही वाकू नये असं मला वाटतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या. नुसतं ‘लिथियम’ लिहून देत असेल तर हे पूर्ण नाव लिहून मागा. हा प्रकार इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा तापायला आणि पेटायला कमी. जागा मागच्या पडवीतली, भिंतीला, जमिनीपासून कमरेइतकी उंच. माजघरात नको. खारा वारा आहे, तेव्हा नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे, हेही कोटेशनमध्ये यायला हवं.

पैशांचं: पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, पण ते पॅनेलच्या क्षमतेवर, बॅटरीला त्यातलं काही नाही. तो माणूस ‘बॅटरीसकट अनुदान’ म्हणाला ते चूक आहे. बॅटरीचे पैसे मी देते. यावर वाद घालू नका. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला आता तांत्रिक तपासणीशिवाय मंजुरी मिळते, त्यामुळे ‘साहेबांना भेटावं लागेल’ म्हणून वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

वीजबिलावर ‘मंजूर भार’ म्हणून एक आकडा असतो. तो ३ किलोवॉटपेक्षा कमी असेल तर वाढवावा लागेल. त्या बिलाचा स्पष्ट फोटो आजच पाठवा, दोन्ही बाजूंचा. शनिवारी सकाळच्या एसटीने मी येते. सोलरवाल्याला दुपारी घरी बोलवा आणि तोवर आगाऊ काही देऊ नका.

आई, फ्रिजच्या मागच्या प्लगजवळ कुठलं सर्किट येतं ते मला बघायचंय, तिथलं धान्याचं पिंप तेवढं हलवून घे. पण तू उचलू नकोस, शेजारच्या कुणाला तरी सांग.

तुमची,
मनू